बांधावरची बाभूळ आणि दावणीची जनावरे

चैत्र सरत आला की कोरडवाहू मुलखातल्या घराघरांत एक हिशेब सुरू होतो. तो वहीत कोणी लिहीत नाही. मळ्यातून परत येताना घरधनी कडब्याच्या गंजीकडे एक नजर टाकतो, दावणीला किती तोंडे आहेत ती मोजतो आणि मृगाला अजून किती दिवस आहेत ते मनाशी म्हणतो. हिशेब जुळला तर रात्रीची झोप लागते. जुळला नाही तर पुढच्या बाजाराला दावणीचे एखादे जनावर बाहेर निघते. ते कोणते, हेही ठरलेले असते. आधी शेळ्या, मग भाकड गाय आणि सर्वांत शेवटी बैल.

वाईट याचे, की त्याच आठवड्यात शेजारच्या दहा गावांतील हिशेब चुकलेले असतात. बाजारात विकणारे सगळे आणि घेणारे थोडे. खाटकाशिवाय गिऱ्हाईक नाही अशी पाळी येते. पुढे पाऊस झाला की तेच शेतकरी बैलासाठी बाजार धुंडाळतात आणि तेव्हा भाव ऐकून माघारी फिरतात. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी जुनी माणसे सांगतात. त्यानंतर २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांनीही माणदेशाला आणि मराठवाड्याला चारा म्हणजे काय ते नव्याने शिकवले. छावण्या निघाल्या, जनावरे वाचली. पण छावणी म्हणजे घरातले एक माणूस महिनोन् महिने गुरांपाशी अडकणे, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की ही वैरण शेताच्या बांधावर उभी करता येते. ती एकट्याने दुष्काळ निभावून नेईल असे मी म्हणणार नाही. पण कडबा संपता संपता जे पंधरवडे-महिने अंगावर येतात, ते ती पार पाडते. आणि बाजाराचा निर्णय त्याच दिवसांत होत असतो.

पूर्वी हा भार गायरानाने उचलला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात जंगलखात्याने डोंगर आणि कुरणे बंद केल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळ्या-गुरांना जागा उरली नाही, अशी कैफियत मांडली आहे. त्या गोष्टीला जवळजवळ दीड शतक होत आले. उरलेल्या गायरानांवरही पुढे वस्त्या झाल्या, अतिक्रमणे झाली, कुठे खाणी निघाल्या. आज पुष्कळ गावांत शेतकऱ्याच्या हक्काची पिकाबाहेरची म्हणावी अशी जमीन एकच राहिली आहे आणि ती म्हणजे बांध. तोही दर पिढीला वाटण्या होऊन आणि दर वर्षी नांगराचे एक तास आत सरकून अरुंद होत चालला आहे. त्यावर जे.सी.बी. फिरवून झाडे काढून टाकण्याची जी हौस अलीकडे दिसते, ती पाहून वाईट वाटते.

कडब्याला पाल्याची जोड कशासाठी

पुष्कळांना वाटते, पोट भरले म्हणजे झाले. ज्वारीचा कडबा पोट भरतो हे खरे. चारशे किलो वजनाच्या गाईला रोज सुमारे १० किलो कोरडा अंश लागतो आणि तो कडब्याने भागतोही. पण कडब्यात प्रथिने फार थोडी, शेकडा तीन ते चार. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात. चाऱ्यातील धागा तेच फोडतात. त्या जंतूंना वाढायला नत्र लागते. नत्र मिळाले नाही की जंतू उपाशी, जंतू उपाशी की कडबा पोटात तसाच पडून राहतो, आणि तो पडून राहिला की जनावर कमी खाते. मग गंजीत कडबा असूनही बैलाच्या बरगड्या दिसू लागतात. याला आमच्याकडे "कडबा अंगी लागत नाही" असे म्हणतात. म्हणणे बरोबर आहे, कारण मात्र हे आहे.

शेवरी, सुबाभूळ, हादगा यांच्या पाल्यात कोरड्या अंशाच्या शेकडा वीस किंवा त्याहूनही अधिक प्रथिने असतात. बाभळीच्या शेंगेत साधारण दहा ते तेरा. म्हणजे गाईला दिवसाकाठी तीन-चार किलो हिरवा पाला कडब्याच्या जोडीला दिला, तर तो पाला स्वतः तर पचतोच, पण कडबाही पचवून देतो. झाडाच्या पाल्याचे खरे मोल हे आहे. त्याने गंज वाचते असे समजू नये, गंज अंगी लागते असे समजावे. शेळीला तर पाला हेच मुख्य अन्न. ती गवतापेक्षा वर मान करून खाणारी जात आहे, हे शेळी पाळणाऱ्या बायाबापड्यांना सांगायची गरज नाही.

"झाडाखाली पीक येत नाही"

ही तक्रार मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो आहे, आणि ती खोटी आहे असे सांगून सुटका करून घेणे मला कधी पटले नाही. झाड ऊन अडवते, ओल ओढते आणि मुळे पिकात शिरतात. नुकसान होते. प्रश्न आहे तो किती होते, कोणाचे होते आणि ते कमी कसे करायचे हा.

एक उदाहरण देतो. आटपाडीच्या बाजूला दोन भाऊ आहेत. वाटणीत मधला बांध पूर्व-पश्चिम आला आणि बांधावर जुन्या सात बाभळी. बांधाच्या उत्तरेकडचे रान थोरल्याचे, दक्षिणेकडचे धाकट्याचे. थोरल्याचे म्हणणे, "सायेब, ह्या बाभळींनी माज्या चार काकऱ्या ज्वारी जाती बघा दरसाली. बांध दोघांचा, आन् नुस्कानी माजी एकट्याची." धाकट्याचे म्हणणे, झाडे आज्याच्या हातची आहेत, तोडायची नाहीत. धाकट्याच्या घरात सहा शेळ्या होत्या, हे या बोलण्यामागचे खरे कारण. शेंगांवर त्या शेळ्या उन्हाळा काढत. दोघे भाऊ दोन वर्षे एकमेकांशी धड बोलत नव्हते.

मी रान पाहिले. थोरल्याची तक्रार अक्षरशः खरी होती. रब्बीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्या भागात डिसेंबरच्या मध्यान्हीला तीस फूट उंचीच्या झाडाची सावली सव्वीस-सत्तावीस फूट उत्तरेला पडते. म्हणजे पूर्व-पश्चिम बांधावरच्या झाडांची सावली दिवसभर उत्तरेकडच्याच पट्ट्यात आणि दक्षिणेकडे जवळजवळ शून्य. खरिपात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सावली झाडाच्या बुडाशीच राहते आणि बाजरीचे फारसे बिघडत नाही. भावांच्या रानात रब्बी ज्वारी हेच मुख्य पीक. त्यामुळे सावलीचा सगळा तोटा थोरल्याच्या पदरात आणि शेंगांचा नफा धाकट्याच्या. अशा वेळी "झाडे लावा" हा उपदेश थोरल्याने का ऐकावा?

मग बसून बोलणे झाले. धाकट्याची बायको दाराआडून म्हणाली, "दादा, सावली तुमच्याकडं पडती खरं, पर शेंगाबी निम्म्या तुमच्याच रानात पडत्यात. तुमी येचू देत न्हाईसा, आन् तुमीबी येचीत न्हाईसा." थोरला हसला आणि तिथून गाडी पुढे सरकली. सातांपैकी दोन बाभळी आडव्या पसरलेल्या, वाकड्या होत्या. त्या रीतसर तोडल्या आणि लाकूड थोरल्याला दिले; त्यात त्याचे औत आणि चौकटीचे काम निघाले. उरलेल्या पाच सरळ होत्या. त्यांची उत्तरेकडची छाटणी दरवर्षी धाकट्याने करायची, पाला त्याने न्यायचा, फाटी मात्र दोघांच्या चुलीला. शेंगा निम्म्या-निम्म्या. बांधालगत थोरल्याच्या बाजूने चर काढायचा, मजुरी दोघांनी.

पुढे २०१८ चा पाऊस गेला. त्या वर्षी ज्वारी वीतभर होऊन करपली, तेव्हा सावलीचा वाद आपोआपच मिटला. बाभळींना मात्र शेंगा आल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात थोरल्याची बैलजोडी दावणीलाच राहिली. शेंगांच्या जोडीला विकतचा कडबाही लागला, हे सांगायला हवे. त्याची तक्रार अजून संपलेली नाही. बऱ्या वर्षी झाडाखालची ज्वारी बुटकी राहते, असे तो आजही दाखवतो, आणि ती राहतेच.

चर आणि छाटणी

या दोन कामांनी नुकसान पुष्कळ आटोक्यात येते. चर खोडापासून चार-पाच फूट सोडून, बांधाला समांतर, दीड फूट रुंद आणि दोन ते अडीच फूट खोल घ्यावा. पिकात धावणारी वरच्या थरातली मुळे त्याने तुटतात. झाडाची खोल मुळे तशीच राहतात म्हणून झाड मरत नाही. दोन-तीन वर्षांत मुळे पुन्हा चर ओलांडतात, तेव्हा चर पुन्हा उकरावा. एकाच वर्षी दोन्ही बाजूंनी मुळे तोडू नयेत, वावटळीत झाड आडवे होण्याची भीती असते. चरात पावसाचे पाणी थांबते हा वरचा फायदा.

छाटणी हस्ताच्या पेरणीआधी, भाद्रपदात करावी. खालच्या दोन हिस्से फांद्या काढाव्या, वरचा एक हिस्सा शेंडा राखावा. कुऱ्हाडीने ठेचू नये, धारदार कोयत्याने खालून एक घाव घालून मग वरून तोडावे म्हणजे साल सोलत खाली येत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भाद्रपदात छाटलेल्या बाभळीला त्या उन्हाळ्यात शेंगा कमी येतात. म्हणून निम्मी झाडे या वर्षी आणि निम्मी पुढच्या वर्षी अशी पाळी ठेवली, तर पाला आणि शेंगा दोन्ही दरसाल हाती येतात. वरच्या दोघा भावांनी हे स्वतःच शोधून काढले.

ज्यांना नवी झाडे लावायची आहेत त्यांनी दिशा आधी पाहावी. रब्बीचे रान असेल तर उंच झाड आपल्या उत्तरेकडच्या बांधावर घ्यावे, आणि त्या बांधापलीकडे ओढा, पाणंद किंवा पडीक असेल तरच. पलीकडे शेजाऱ्याची ज्वारी असेल, तर आपला शहाणपणा त्याच्या डोक्यावर पडतो आणि पुढची पिढी कोर्टाची पायरी चढते. दक्षिणोत्तर बांधावरची सावली सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे फिरते, त्यामुळे कोणाच्याच एका पट्ट्यावर ती दिवसभर बसत नाही. शेजाऱ्याशी सामाईक बांध असेल तर मला हीच दिशा बरी वाटते.

सावलीत पीक येतच नाही, हेही सर्वत्र खरे नाही. राजस्थानच्या वाळवंटी भागात शेतातून खेजडीची, म्हणजे आपण दसऱ्याला जिची पाने पुजतो त्या शमीची, झाडे राखलेली असतात आणि तिच्याखालची बाजरी उघड्या रानापेक्षा चांगली येते. शमीचे मूळ फार खोल जाते, पान बारीक असते आणि पाचोळ्याने खालची माती सुधारते. हिवाळ्यात शेतकरी ती छाटून पाला वाळवून ठेवतात आणि उंट-शेळ्यांना वर्षभर घालतात. त्या पाल्याला ते लूंग म्हणतात. शेंगांची भाजी माणसे खातात. तिथला पाऊस आणि वाळू वेगळी, तेव्हा आपल्या काळ्या रानात जसाच्या तसा अनुभव येईल असे नाही.

कोणते झाड

आमच्या कोरडवाहू मुलखासाठी माझे पहिले मत बाभळीलाच. तीतही रामकाठी बाभूळ. ती सरळ उंच वाढते, फांद्या खोडाला लगटून वर जातात, त्यामुळे सावलीचा घेर लहान. गावठाणाच्या कडेला माजलेल्या वेड्या बाभळीशी तिची गल्लत करू नये. ती विलायती, जनावरांच्या शेणातून पसरणारी आणि रानात शिरली की निघता निघत नाही अशी. देशी बाभळीच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतले नत्र जमिनीत आणतात. तिचे लाकूड नांगर, कुळव, पाभर आणि गाडीच्या चाकाला पिढ्यान् पिढ्या चालले. डिंक बाळंतिणीच्या लाडवात गेला. शेंगा फाल्गुन-चैत्रात पिकून गळतात, म्हणजे बरोबर वैरणीच्या ओढीत. झाडाला जणू पंचांग कळते.

शेंगा घालण्याची एक रीत आहे. त्यांत तुरट द्रव्य असते, म्हणून एकट्या शेंगांवर जनावर ठेवू नये. पहिले आठ दिवस शेळीला ओंजळभर, मग हळूहळू वाढवावे, सोबत कडबा किंवा गवत असावेच. एकदम पोटभर घातल्यास अपचन होते. गाई-बैलांना शेंगा कुटून घालाव्यात, नाहीतर बी सगळे शेणातून जसेच्या तसे बाहेर पडते आणि त्यातली प्रथिने फुकट जातात. वाळलेल्या शेंगा पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवल्या तर ज्येष्ठापर्यंत टिकतात. पाऊस लागू देऊ नये, बुरशी धरते.

सुबाभळीविषयी दोन शब्द. उरुळीकांचनच्या 'बाएफ' या संस्थेने, जी मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उभारली, हे झाड महाराष्ट्रात गावोगाव नेले. पाल्याच्या उत्पन्नात त्याला तोड नाही. पाणी असेल तर कंबरभर उंचीवर कापत राहावे, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा कापणी येते. पण त्यात मायमोसिन नावाचे द्रव्य आहे. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक सुबाभूळ घालू नये, गाभण जनावराला त्याहून कमीच. घोड्याला तर घालूच नये, केस झडतात. १९८८ मध्ये एका बारीक उड्या मारणाऱ्या किडीने देशभरच्या सुबाभळीचे शेंडे खाऊन टाकले होते, तेव्हा सारा भरवसा एकाच झाडावर टाकणाऱ्यांची फार पंचाईत झाली. शिवाय शेंगा तडकू दिल्या तर रानभर रोपे उगवतात. कापणी चुकवायची नसेल तरच ती लावावी.

विहिरीजवळ, पाटाच्या कडेला शेवरी आणि हादगा बरे. खरे तर हे काही आम्ही कृषी पदवीधरांनी शोधलेले नाही. सांगली-मिरजेकडचे जुने पानमळेवाले शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा यांच्यावर वेल चढवत. झाड वेलीला आधार देई, कडक ऊन अडवी. वेळोवेळी छाटून तिचा पाला गोठ्यात जाई आणि गोठ्यातले खत पुन्हा वेलीच्या बुडाशी येई. झाड, पीक आणि जनावर यांची सांगड म्हणून जी आज व्याख्यानांतून सांगितली जाते, तिचा याहून सुबक नमुना मी पाहिलेला नाही. केंद्र सरकारने कृषिवानिकीचे राष्ट्रीय धोरण २०१४ मध्ये जाहीर केले. पानमळेवाल्याला त्याची वाट पाहावी लागली नव्हती.

माळाच्या हलक्या, खडकाळ बांधावर अंजन घ्यावे. वाढीला फार सावकाश, पण खानदेश-मराठवाड्यात त्याचा पाला गुरे आवडीने खातात आणि झाड पिढ्यान् पिढ्या टिकते. गावठी बोरीवर डोळे भरून उमराण केली तर फळांचे पैसे येतात आणि वैशाखात छाटणी झाली की पाला शेळीला, काटे कुंपणाला. गिरिपुष्पाच्या वासाने गुरे नाक मुरडतात. ते वैरणीसाठी कमी आणि खतासाठी अधिक समजावे. त्याच्या वाळलेल्या पाल्यात अडीच ते तीन टक्के नत्र असते. म्हणजे शंभर किलो वाळला पाला जमिनीत गेला, तर साडेपाच ते साडेसहा किलो युरियाइतके नत्र गेले. मृगात हातभर लांबीची फाटी दीड-दोन फुटांवर खोचून दिली की बांध धरला जातो. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने बांधावरच्या या झाडाचा बराच पुरस्कार केला आहे.

नीलगिरीचे काय, असे कोणी विचारतेच. १९८० च्या दशकात बांधोबांध नीलगिरी लागली, कारण जनावरे तिला तोंड लावत नाहीत आणि राखणीचा त्रास नाही. पण जे झाड जनावर खात नाही, ते वैरणीच्या दिवसांत काय कामाचे? खांब-वासे विकायचे असतील तर वेगळ्या रानात लावावी. ज्वारीच्या बांधावर तिला जागा देऊ नये.

मेंढरे आणि गोठा

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे रानातून फिरतात. ज्या बांधावर बाभळी, त्या रानाकडे मेंढका आपणहून वळतो. रात्री मेंढरे बसवली की लेंडी आणि मूत्र जागच्या जागी रानात पडते, गाडी-मजुरी काही लागत नाही. पूर्वी त्याबद्दल धान्य देत, आता बहुधा रोख मागतात. बांधावरच्या शेंगा खाऊ द्यायच्या बदल्यात रक्कम कमी करून घेणारे शेतकरी मला माहीत आहेत. दोघांचाही त्यात फायदा आहे. मात्र नव्या रोपांच्या वर्षी वाडा त्या बांधापासून लांब बसवावा.

गोठ्यापाशी झाड हवे ते पश्चिमेला. दुपारनंतरचे ऊन सर्वांत मारक असते. संकरित गाय उन्हाने धापा टाकू लागली की खाणे कमी करते आणि दूध उतरते. खिलार तेच ऊन सोसून नेते. संकरित गाय घेतली तर पत्र्याच्या छपरावर भागत नाही. कडुलिंब किंवा चिंच पंधरा-वीस फुटांवर असावी. लिंबोळ्या मिळाल्या तर पाच किलो निंबोळीचा अर्क शंभर लिटर पाण्यात करून फवारणीलाही होतो.

लावण आणि राखण

बाभळीचे बी विकत आणायची गरज नाही. शेळ्यांच्या वाड्यातील लेंड्यांत जे बी सापडते ते सर्वांत लवकर उगवते, कारण शेळीच्या पोटात त्याचे टणक कवच मऊ झालेले असते. ते वेचून ठेवावे. झाडाखालचे बी असेल तर पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात बी टाकावे आणि रात्रभर तसेच निवू द्यावे. फुगलेले बी पेरावे, न फुगलेले पुन्हा एकदा त्याच वाटेने न्यावे. बांधावर रामकाठीला आठ ते दहा फुटांचे अंतर ठेवून हातभर खोल खड्डे वैशाखातच घ्यावेत, उन्हाने माती तापू द्यावी. चांगला पाऊस झाल्यावर एका खड्ड्यात तीन-चार बिया टाकाव्यात आणि पुढे एकच जोमदार रोप राखावे. जागेवर पेरलेल्या बाभळीचे सोटमूळ सरळ खाली जाते. पिशवीतल्या रोपाचे मूळ पुष्कळदा वेटोळे घालते आणि पुढे दुष्काळात ते झाड आधी वाळते. म्हणून रोपवाटिकेतून फुकट मिळते तरी बाभूळ मी जागेवरच पेरायला सांगतो. अंजन आणि आवळा मात्र रोपानेच लावावा.

तोडीच्या कायद्याची माहिती असू द्यावी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमात आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, अंजन अशी काही झाडे अनुसूचित आहेत. ती स्वतःच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगी कोणत्या कार्यालयातून घ्यायची ते तलाठ्याकडे किंवा वनरक्षकाकडे आधी विचारून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी लाकूड अडत नाही. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. पिकाची नोंद करतानाच ती करून टाकावी. वाटण्यांच्या वेळी कागद बोलतो.

झाडे लावणारे पुष्कळ असतात, पण पहिली दोन वर्षे रोप सांभाळायचे काम घरातल्या बाईवर किंवा म्हाताऱ्यावर पडते. तेव्हा किती खड्डे घ्यायचे हे त्यांना विचारून ठरवावे. शंभर खड्डे घेऊन दहा झाडे जगवण्यापेक्षा वीस घेऊन पंधरा जगवलेली बरी. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक तांब्या पाणी मिळाले तरी बाभूळ तग धरते. बुडाशी गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन असावे. आणि ज्या शेळीसाठी हा सगळा खटाटोप, तीच रोपाची पहिली वैरीण. तिचे तोंड पोहोचणार नाही एवढी, म्हणजे पुरुषभर उंची येईपर्यंत प्रत्येक रोपाला काटेरी वई लागते. बोर छाटली की त्या फांद्या चुलीत घालू नयेत. फांदीचे बूड बाहेर आणि शेंडे आत असे न ठेवता, उलटे, बूड आत रोपाकडे आणि काटेरी शेंडे बाहेर ठेवून गोल रचाव्यात, वर एक दगड द्यावा. शेळी पुढचे पाय टेकायला बघते, काटा टोचला की माघारी वळते. हे काम पहिल्या वळवाआधी उरकावे. पाऊस झाला की पेरणीच्या घाईत वईकडे बघायला कोणाला सवड होत नाही.